बंदूक विकायची आहे: ऑनलाइन जाहिरात की परवानाधारक दुकान?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर, जांबोटी, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यात परवान्याची बंदूक असलेली घरं अजून बरीच सापडतात. कुणाच्या आजोबांनी रानडुकरांपासून भात आणि ऊस राखायला बारा बोअरची एकनळी घेतलेली असते, कुणी फौजेतून निवृत्त होऊन आल्यावर हौसेनं दुनळी किंवा रिव्हॉल्व्हर घेतलेलं असतं. आता शेत वाट्यानं दिलेलं, पोरं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला, आणि बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर. दर निवडणुकीला ती ठाण्यात नेऊन जमा करायची, निकालानंतर परत आणायची, मधे परवान्याचं नूतनीकरण. कंटाळून काका म्हणतात, विकून टाकू. आणि पुतण्या म्हणतो, "फोटो काढून टाकूया की ऑनलाइन. दुकानवाला काय देतोय, निम्मी किंमत!"

पुतण्याचा हिशेब समजण्यासारखा आहे. जुनी मोटरसायकल, फ्रीज, सोफा सगळं आपण असंच विकतो. मोटरसायकल विकताना तर गाडी आधी जाते आणि आरसी बुकावरचं नाव चार महिन्यांनी बदलतं, तेही मागे लागल्यावर. बंदुकीत हा क्रम उलटा आहे: कागद आधी, मुदत संपेपर्यंत थांबणं मग, आणि हत्यार सगळ्यात शेवटी. एवढा एक फरक नीट डोक्यात बसला की ऑनलाइन की दुकान हा प्रश्न बराच सोपा होतो. भारतात ऑनलाइन जाहिरात फार तर गिऱ्हाईक शोधून देईल. विक्री पूर्ण होते ती डीसी (कर्नाटकातले जिल्हाधिकारी, म्हणजेच जिल्हा दंडाधिकारी) ऑफिसातल्या नोंदीनं.

इंटरनेटवरचे सल्ले कुठले असतात

फोनवर शोधलं तर "बंदूक ऑनलाइन विकावी की डीलरला" यावर भरपूर लेख मिळतात, आणि त्यातले बहुतेक अमेरिकेचे. तिथे गनब्रोकर नावाचं लिलावाचं संकेतस्थळ १९९९ पासून चालू आहे. साधा माणूस आपली बंदूक तिथे लावतो, बोली लागते, पैसे येतात. हे वाचून वाटतं की तिकडे सगळं घरबसल्या होतं. तसं नाही. अशा लिलावात विकलेली बंदूक खरेदीदाराच्या गावाजवळच्या परवानाधारक दुकानात पाठवली जाते. तिथे खरेदीदार ४४७३ क्रमांकाचा सरकारी फॉर्म भरतो, दुकानदार १९९८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय यंत्रणेकडून त्याची पार्श्वभूमी तपासून घेतो आणि मगच बंदूक त्याच्या हातात पडते. एकाच राज्यात राहणाऱ्या दोन खासगी माणसांच्या व्यवहाराला त्यांच्या केंद्रीय कायद्यानं ही तपासणी सक्तीची नाही. काही राज्यांनी ती स्वतःहून घातली आहे. "ऑनलाइन विकलं तर जास्त भाव, दुकानात विकलं तर कमी कटकट" ही तुलना त्या चौकटीतली. तिथेसुद्धा ऑनलाइन सौद्याला बहुतेक वेळा दुकानाचा काउंटर लागतोच, हे मात्र असल्या लेखांच्या मथळ्यात येत नाही.

आपल्याकडे बंदूक बाळगणं हा हक्क नसून परवानगी आहे. त्यामुळे ती सल्ल्याची यादी जशीच्या तशी उचलली तर पहिल्याच पायरीला घसरायला होतं.

कलम ५ आणि ते ४५ दिवस

आपला कायदा म्हणजे शस्त्र अधिनियम, १९५९. त्याच्या कलम ५ प्रमाणे हत्यारं विकायला, विक्रीसाठी मांडायला किंवा देऊ करायला परवाना लागतो. हा दुकानदारांचा परवाना. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमात तुमच्या-आमच्यासाठी वाट ठेवली आहे: जे हत्यार तुम्ही स्वतःच्या वापरासाठी कायदेशीरपणे बाळगता, ते दुसऱ्या पात्र माणसाला विक्रेत्याचा परवाना नसतानाही विकता येतं. अट अशी की जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रमुखांना आधी लेखी कळवायचं, कुणाला विकणार त्याचं नाव-पत्ता द्यायचा, आणि कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे.

४५ दिवस म्हणजे किती, हे तारीख घालून बघू. ३ जूनला पत्र दिलं आणि त्याच दिवशीची पोच घेतली, तर १८ जुलैला ४५ दिवस भरतात. हत्यार त्यानंतरच हलवायचं. पोच नसेल तर मोजायला सुरुवात कुठून करायची हाच प्रश्न उरतो, म्हणून पत्राच्या दोन प्रती नेऊन एकीवर शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडू नये. पत्रात काय हवं? तुमचं नाव-पत्ता, परवान्याचा क्रमांक आणि त्यावरचा यूआयएन (परवानाधारकाचा स्वतंत्र ओळख क्रमांक), हत्याराचा प्रकार, बोअर, बनावट आणि नंबर. मग घेणाऱ्याचं नाव-पत्ता आणि त्याच्या परवान्याचा तपशील. दोघांच्या परवान्यांच्या झेरॉक्स सोबत. डीसी ऑफिस आणि ठाणं, दोन्हीकडे पत्र द्या, जरी कायदा "किंवा" म्हणत असला तरी. बेळगाव शहर पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत राहत असाल तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या जागी या कायद्यापुरते पोलीस आयुक्त येतात. खानापूर, चिकोडी, अथणीवाल्यांनी डीसी ऑफिसच गाठायचं. अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत लिहून नेलेला बरा. मराठीत अर्ज करण्याचा हक्क हा आपल्या भागातला मोठा आणि जुना विषय आहे, पण बंदुकीचा कागद त्यात अडकवून ठेवण्यात शहाणपण नाही.

एक बारकावा. कायद्यात शब्द "कळवणे" असा आहे, "परवानगी घेणे" असा नाही. त्यामुळे काही जण म्हणतात, ४५ दिवस झाले, कुणी हरकत घेतली नाही, दिली बंदूक. कागदावर ते बरोबर असेलही. पण तुमच्या परवान्यातून हत्यार कमी करण्याची आणि घेणाऱ्याच्या परवान्यावर ते चढवण्याची नोंद त्याच कार्यालयांत व्हायची असते. तिथून लेखी काही येईपर्यंत थांबलेलं बरं, मग ते ४५ चे ७० दिवस का होईनात.

न कळवता किंवा मुदतीआधी विकलं तर कलम २५ च्या तिसऱ्या पोटकलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाचशे रुपयांत आज हायवेवरच्या ढाब्यावर दोघांचं मटण ताटही होत नाही, त्यामुळे हा आकडा वाचून कुणी घाबरत नाही. घाबरायचं ते त्याच कलमाच्या सुरुवातीला. कलम ५ मोडून हत्यार विकणं, विक्रीला मांडणं किंवा देऊ करणं याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप आहे. "देऊ करणं" हे शब्द परत वाचा. ज्याचा परवाना चालू आहे, ज्याचं हत्यार नोंदीतलं आहे, त्याला दुसऱ्या पोटकलमाचा आडोसा आहे. ज्याचा परवाना संपलाय, किंवा ज्याच्या वडिलांच्या नावावरची बंदूक घरात नुसती पडून आहे, त्याला तो आडोसा नाही. आणि त्यानं फोटोखाली "विकणे आहे, किंमत अमुक" असं लिहिलं की देऊ करण्याचा पुरावा त्यानं स्वतःच तयार करून ठेवला.

दुकानात काय घडतं

परवानाधारक दुकानदार आधी परवाना मागतो, बंदूक नंतर. परवाना चालू आहे का, यूआयएन आहे का, हत्याराची नोंद आहे का हे बघून झाल्यावर बंदूक हातात घेतो. दुनळी असेल तर ती सांध्यातून मोडून उघडतो, काडतूस नाही याची खात्री करतो आणि दोन्ही नळ्या उजेडाकडे धरून आतून बघतो. आतलं पोलाद आरशासारखं दिसायला हवं. ठाण्याच्या कोठीत दोन-तीन पावसाळे काढलेल्या बंदुकीत मात्र खड्डे पडलेले असतात. तेल न लावता जमा केलेली बंदूक आपल्या पावसात फार दिवस तग धरत नाही. मग बंदूक मिटवून दस्ता काखेत धरून जरा हलवतो. नळी आणि बॉडीच्या सांध्यात खुळखुळ जाणवली की भाव तिथेच उतरतो. दस्त्याला मानेजवळ चीर आहे का, घोडे नीट चढतात का, चाप फार हलका तर नाही, हे सगळं पाच मिनिटांत होतं आणि बोलणं फारसं होत नाही.

शेवटी नंबर. नळीवरचा, बॉडीवरचा आणि परवान्यावरचा. जुने परवाने हातानं लिहिलेले. तीनचा आठ झालेला, एखादा आकडा गळलेला. नंबर जुळला नाही तर दुकानदार हत्यार ठेवून घेत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. बनवणाऱ्याचं नाव आणि नंबर किंवा ओळखीची खूण नसलेलं हत्यार विकायलाच कलम ८ मनाई करतं. ती दुरुस्ती आधी परवाना देणाऱ्या कार्यालयातून करून आणावी लागते. ऑनलाइन गिऱ्हाईक हे काही बघत नाही. ते फोटो बघतं, दस्त्याची पॉलिश बघतं आणि भाव सांगतं. त्याचा भाव जास्त असण्याचं हेही एक कारण आहे.

दुकानदार कमी का देतो याला त्याच्या बाजूनंही उत्तर आहे. नवे परवाने सहज मिळत नाहीत, म्हणून घेणारेच थोडे. २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवानाधारकाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात, म्हणून हौशी गिऱ्हाईकही आटलं. त्यात ज्याच्याकडे नवीन परवाना येतो त्याला बहुधा रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल हवं असतं, रानात फिरायची दुनळी नको असते. तुमची एकनळी त्याच्या रॅकला वर्ष-दोन वर्षं उभी राहणार, तेवढा काळ तिची नोंद, तिचं तेलपाणी आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला दाखवणं हे त्याच्या डोक्यावर. तो निम्मी किंमत देतो तेव्हा त्यात हे सगळं धरलेलं असतं. जुन्या विलायती हत्यारांची गोष्ट वेगळी: १९८० च्या दशकापासून खासगी आयात जवळजवळ बंद झाल्यानं चांगल्या स्थितीतल्या जुन्या वेब्लीला (ब्रिटिश बनावटीचं हत्यार) आजही मागणी असते, आणि तिथे दुकानदारानं पाडून मागितलं तर जरूर घासाघीस करा, दुसऱ्या दुकानात दाखवा.

एक मधली वाट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. रोख विकण्याऐवजी हत्यार दुकानात विक्रीला ठेवता येतं. गिऱ्हाईक दुकानदार शोधतो, कमिशन घेतो, बाकी रक्कम तुमची. वेळ लागतो, पण हातात पडणारी रक्कम रोख विक्रीपेक्षा बरी असते. ठेवताना कमिशन किती, महिन्याचं ठेवणावळ भाडं किती, किती दिवसांत विकलं नाही तर परत, हे पावतीवर लिहून घ्यावं. तोंडी ठरवलेलं भाडं विक्रीच्या दिवशी फुगतं.

आणि डीलरला विकतोय म्हणून कळवायची गरज नाही, असं समजू नका. कलम ५ मध्ये डीलरसाठी वेगळी सूट लिहिलेली नाही. फायदा एवढाच की मधल्या काळात हत्यार रीतसर पावती घेऊन त्याच्याकडे जमा ठेवता येतं आणि घरातून जोखीम बाहेर पडते. फक्त त्याच्या परवान्यात जमा ठेवून घेण्याची मुभा आहे ना, हे विचारून घ्या. प्रत्येक दुकानाला ती असतेच असं नाही.

ऑनलाइनची खरी अडचण

आधी एक गोष्ट: मोठी संकेतस्थळं स्वतःच हे चालू देत नाहीत. ओएलएक्सवर हत्यारं निषिद्ध मालाच्या यादीत आहेत. फेसबुकनं खासगी माणसांमधला बंदुकीचा व्यवहार जानेवारी २०१६ मध्ये बंद केला. मग उरतं काय? व्हॉट्सॲपचे ग्रुप, इन्स्टाग्रामवरची खाती, टेलिग्राम. तिथे जे "खरेदीदार" भेटतात त्यांचे मुख्यतः दोन प्रकार.

पहिला लुटारू. तो बंदूक घेतच नाही. त्याला तुमचे पैसे हवे असतात. "मी आर्मीत आहे, बदली होऊन बेळगावला येतोय, ॲडव्हान्स पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा." सोबत वर्दीतला फोटो आणि कॅन्टीन कार्ड. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असलेल्या आपल्या गावात फौजी माणूस म्हटला की विश्वास लगेच बसतो, आणि हे त्या लुटारूला पक्कं ठाऊक असतं. पैसे घेण्यासाठी कधीच क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. फसलात तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन. पण बंदूक विकायला निघालो होतो हे पोलिसांना सांगताना तुमचेच कागद आधी तपासले जाणार, हे ओघानं आलंच.

दुसरा जास्त घातक. त्याला खरोखर बंदूक हवी असते, फक्त परवाना नको असतो. तो भाव पाडत नाही. फॉर्म, पत्र, पोच म्हटलं की त्याला घाई होते. "ते नंतर बघू, आधी वस्तू द्या, वर पाच हजार घ्या." जो माणूस ४५ दिवस थांबायला तयार नाही त्याला विकायचं नाही, ही एवढी चाळणी लावली तरी असले बहुतेक जण गळून पडतात.

परवाना दाखवणाराही पुरेसा नाही. परवान्याचा फोटो म्हणजे परवाना नव्हे. त्यावर यूआयएन आहे का, मुदत आहे का (आता तो पाच वर्षांचा असतो), तुमच्या हत्याराचा प्रकार त्यात बसतो का, की त्याच्या नावावर आधीच दोन हत्यारं चढलेली आहेत? वय २१ च्या खाली असेल तर विषयच संपला. हे सगळं तुम्ही तपासायचं, कारण समोरचा पात्र आहे याची खात्री न करता हत्यार हातात देणं हा कलम २९ खाली देणाऱ्याचाच गुन्हा. दुकानात हे काम दुकानदार करतो. ऑनलाइन गिऱ्हाईक गाठलं तर तो भार तुमच्यावर. किमतीतला फरक मोजताना हाही मोजा.

शिवाय फोटोचं एक वेगळंच दुखणं. घराच्या पडवीत काढलेल्या फोटोत नंबर, गावाची खूण, कधी परवान्याचं पानही दिसतं. कुठल्या घरात बंदूक आहे आणि घरात म्हातारा-म्हातारी दोघंच असतात, एवढं त्यातून कुणालाही कळतं.

कुरिअरनं पाठवायचा विचार तर मनातही आणू नये.

सीमेपलीकडचं गिऱ्हाईक

आपल्या भागात हा प्रश्न हमखास येतो. बेळगावातून शिनोळी म्हणजे शेजारचं गाव, पण तिथे चंदगड तालुका, कोल्हापूर जिल्हा, महाराष्ट्र राज्य. निपाणीकराचं गिऱ्हाईक कागलचं असतं, खानापूरकराचा मेहुणा गोव्यातला. नात्यागोत्याला सीमा नाही, परवान्याला आहे.

प्रत्येक परवान्यावर तो कुठल्या हद्दीपुरता चालतो ते लिहिलेलं असतं. तुमचा परवाना कर्नाटकापुरता असेल तर बंदूक गाडीत घालून शिनोळीला नेऊन देणं म्हणजे परवान्याबाहेर हत्यार बाळगणं. आणि तिथल्या सोयऱ्याचा परवाना महाराष्ट्रापुरता असेल तर तो बेळगावात येऊन ती घेऊन जाऊ शकत नाही. दोघांचेही परवाने आपापल्या जागी खरे, तरी मधले दहा-पंधरा किलोमीटर बेकायदा. कोगनोळी नाक्यावर गाडी थांबली तर "सोयऱ्याला द्यायला चाललोय" हे उत्तर चालत नाही. यावर उपाय आहे: दोन्ही कार्यालयांना कळवून नेण्याची लेखी परवानगी घेणं, किंवा व्यवहार दुकानामार्फत करणं. माझ्या मते सीमेपलीकडच्या सौद्यात दुकानच घ्यावं. किंमत तुम्ही आणि सोयऱ्यानं आपसात ठरवा, दुकानदाराला त्याची फी द्या, आणि हत्यार दुकानातून दुकानात किंवा त्याच्या कागदांवर जाऊ द्या.

यात निवडणुका आणखी एक पाचर मारतात. कर्नाटकाची विधानसभा २०२३ मध्ये झाली, महाराष्ट्राची २०२४ मध्ये. म्हणजे एका बाजूला आचारसंहिता नसते तेव्हा दुसऱ्या बाजूला असते, हत्यारं जमा करण्याचे आदेश निघतात आणि परवाना शाखेतली फाइल बाजूला पडते. सौदा ठरवण्याआधी दोन्हीकडच्या निवडणुकांचा अंदाज घ्यावा. हे कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही, पण सीमाभागातल्या व्यवहाराला लागू पडतं.

कुणीतरी हमखास सांगतं, "कोडगूत (कुर्गमध्ये) परवानाच लागत नाही, तिकडे देऊन टाका." कोडवा समाजाला आणि जम्मा (तिथल्या वंशपरंपरागत) जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे हे खरं, २०१९ मध्ये ती २०२९ पर्यंत वाढवलीसुद्धा. पण ती सूट त्यांच्यासाठी. बेळगावच्या विकणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही.

वडिलांची बंदूक

घरात विक्रीचा विषय निघतो तो बहुतेक वेळा परवानाधारक गेल्यावर. तेराव्याला पाहुणे जमतात, कपाट उघडतं, बंदूक दिसते. इथे एक गोष्ट लगेच करायची असते आणि तीच राहून जाते. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. ते गेले की त्या घरात ती बंदूक बाळगण्याचा अधिकार कुणालाच उरत नाही. विनापरवाना बाळगण्याची शिक्षा २०१९ पासून दोन ते पाच वर्षं. म्हणून विनाकारण उशीर न करता ती जवळच्या ठाण्यात किंवा डीलरकडे जमा करून पावती घ्यायची. कलम २१ हेच सांगतं. जमा केली म्हणजे गेली असं नाही. वारसाला ती पुढे पात्र माणसाला विकून पैसे घेण्याचा हक्क त्याच कलमात दिलेला आहे. मात्र ठरलेल्या मुदतीत ती परत घेतली नाही किंवा विकली नाही तर सरकारजमा होऊ शकते, आणि ठाण्याच्या कोठीत ठेवून विसरलेल्या बंदुकांचं तसंच होतं.

वारसापैकी कुणाला ठेवायची असेल तर त्यानं स्वतःच्या नावे परवाना मागायचा. २०१६ च्या शस्त्र नियमांत त्याची सोय आहे. एवढंच काय, परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा त्यानं हत्यार २५ वर्षं बाळगलं की हयातीतच वारसाच्या नावे मागता येतं. कुणालाच नको असेल तर विक्रीपुरती मर्यादित मुदतीची परवानगी मिळते. दोन्ही बाबतींत बाकीच्या वारसांची लेखी संमती लागते. बहीण कोल्हापूरला, धाकटा भाऊ मडगावला, तर ती प्रतिज्ञापत्रं गोळा करण्यातच महिना जातो. हे काम चालू असताना बंदूक जमा असलेली चांगली, कपाटावर नाही.

अशा घरानं ऑनलाइनच्या नादी लागूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जमा करायला ज्या डीलरकडे गेलात त्यालाच विका. दोन-पाच हजार कमी आले तर येऊ देत. चालू परवाना, चांगलं हत्यार आणि ओळखीतला परवानाधारक घेणारा, हे तिन्ही जमून आलं तर स्वतः विकायला हरकत नाही. पत्र द्या, ४५ दिवस थांबा, आणि हत्यार हाती देण्याचा शेवटचा प्रसंग तेवढा दुकानाच्या काउंटरवर घडवून आणा. थोडी फी जाईल. महागडं विलायती हत्यार असेल तर बाहेरचं गिऱ्हाईक शोधण्यात अर्थ आहे, पण शोध नेमबाजी क्लबात, निवृत्त अधिकाऱ्यांत, दोन-तीन दुकानांत घ्यावा. तिथली माणसं परवान्याचा क्रमांक मागितल्यावर रागावत नाहीत.

आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक भिंतीवर लटकत असेल तर तिचं आणखी वेगळं. दुरुस्त करूनही वापरता न येणारं जुनाट किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं हत्यार कलम ४५ नं या कायद्याबाहेर ठेवलं आहे. पण ते खरंच तसं आहे का, हे आपण भिंतीकडे बघून ठरवायचं नसतं. ठाण्यातून किंवा डीसी ऑफिसातून लेखी घ्यायचं. चालू शकणारी ठासणी ही बंदूकच. आणि शंभर वर्षांवरची वस्तू असेल तर १९७२ चा पुराणवस्तू कायदा आडवा येतो. परदेशी गिऱ्हाईक ईमेलवर कितीही भाव देवो, ती देशाबाहेर पाठवता येत नाही.

विक्री झाल्यावर परवान्यातून हत्यार कमी केल्याची नोंद करून घ्या, दुसरं हत्यार नसेल तर परवाना परत करा आणि पोच, पावती, नोंदीचं पान यांच्या प्रती जपून ठेवा. काडतुसांचं विसरलं जातं. बंदूक गेली तरी डब्यात खडकीच्या कारखान्यातली पाच-सहा जुनी शक्तिमान पडलेली असतात, आणि त्यांनाही परवाना लागतो. ती विहिरीत टाकू नका, चुलीत तर मुळीच नाही, शेजाऱ्यालाही देऊ नका. बंदूक दुकानात नेताना सोबत न्या आणि त्याच पावतीवर त्यांची संख्या लिहून घ्या.